मनोऱ्याचा अर्थ क्षितिजरेषा ठरवते

प्रश्न असा आहे: निसर्गचित्रांत मनोरे आणि दीपगृहं इतकी का दिसतात, त्यांना काही ठरलेला अर्थ असतो का, आणि आपण दीपगृह रंगवायला घेतलं की चित्र कॅलेंडरवरच्या छापासारखं का होतं?

प्रतीकांचे कोश चाळले तर तयार उत्तरं मिळतात. मनोरा म्हणजे सत्ता, गर्व, एकांत, बंदिवास. दीपगृह म्हणजे आशा, मार्गदर्शन, श्रद्धा. यातलं काही खोटं नाही, पण ब्रश हातात घेतल्यावर किंवा एखाद्या चित्रासमोर उभं राहिल्यावर त्याचा उपयोग फार थोडा. मनोरा क्षितिजाच्या किती वर गेला आहे, उजेड कुठून पडतो आहे, पायथ्याशी दार दिसतं का, आसपास माणूस किंवा होडी आहे का, यावर त्याच दगडी नळकांड्याचा अर्थ पार पालटतो. कॅलेंडरछाप चित्र होतं तेव्हा चित्रकाराने अर्थ कोशातून उचललेला असतो आणि या गोष्टी ठरवायच्या राहून गेलेल्या असतात. म्हणून आधी रचना, मग प्रतीक.

निसर्गचित्राचा मूळ ताल आडवा असतो: जमीन, पाणी, ढगांचे थर, डोंगराची कड. त्यात सरळ उभी रेषा आली की नजर तिथे अडते, आणि ती माणसाने उभी केलेली आहे हे सांगावं लागत नाही. झाडही उभं असतं, पण त्याची कड तुटक असते, मनोऱ्याची सलग. त्यामुळे अगदी लहान मनोराही चित्रात आकाराच्या मानाने जास्त वजन घेतो. हे वजन किती घेऊ द्यायचं ते क्षितिजरेषा ठरवते, आणि इथे एक साधा हिशोब आहे.

सपाट जागी उभं राहून पाहताना क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं, आणि त्याच सपाटीवरच्या प्रत्येक वस्तूला ते तेवढ्याच उंचीवर छेदतं. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील आणि मनोरा 30 मीटरचा असेल, तर क्षितिजरेषा मनोऱ्याला पायथ्यापासून विसाव्या भागावर छेदेल. कॅनव्हासवर मनोरा 20 सेंटिमीटरचा असेल तर 1 सेंटिमीटर क्षितिजाखाली आणि 19 वर. मनोरा जवळ असो की लांब, हे प्रमाण बदलत नाही. क्षितिज मनोऱ्याच्या मधोमध गेलं, तर तुम्ही 15 मीटर उंचीवरून, म्हणजे कड्यावरून किंवा गच्चीवरून पाहताय. अख्खा मनोरा क्षितिजाखाली गेला, तर तुम्ही त्याच्याहून उंच आहात. यातली नेहमीची चूक म्हणजे पायथ्याशी उभ्या माणसाचं डोकं क्षितिजावर टेकवायचं आणि मनोऱ्याचा मध्यही क्षितिजावर ठेवायचा. हे खरं मानलं तर मनोरा जेमतेम तीन मीटरचा ठरतो. पाहणाऱ्याला चूक बोटाने दाखवता येत नाही, पण मनोरा खेळण्यातला वाटतो आणि त्याची भव्यता जाते.

याकोब व्हान रॉइसडालची वाइक-बाय-ड्यूरस्टेडची पवनचक्की (साधारण 1670, राइक्सम्युझियम) या हिशोबाचा उत्तम नमुना आहे. क्षितिज खाली, आकाश भरून आलेलं, आणि गिरणीचा गोल बुरूज जवळजवळ पूर्ण आकाशात. खरं तर ती धान्याची गिरणी, रोजच्या वापरातली वस्तू, पण चित्रात तिला गढीचा रुबाब येतो. वाऱ्याविना चक्की निकामी तसा दैवी कृपेविना माणूस निकामी, असा अर्थ त्या काळच्या बोधचित्रांत सापडतो, आणि काही अभ्यासक तो इथेही लावतात. तो मानावा की नाही यावर मतभेद आहेत. चित्रात जे दिसतं त्याबद्दल मात्र वाद नाही: खालून पाहिलेला बुरूज, थबकलेलं पातं आणि उजवीकडच्या तीन लहान स्त्रिया.

त्याच चित्रकाराचं ब्लीचिंगच्या (कापड उन्हात पांढरं करायच्या) मैदानांसह हार्लेमचं दृश्य (1670 ते 1675च्या दरम्यानचं, माउरित्सहाउस) नेमकं उलट काम करतं. कॅनव्हास 55.5 बाय 62 सेंटिमीटरचा, त्यात बहुतेक भाग आकाशाचा. दृष्टिकोन वाळूच्या टेकडीवरून, त्यामुळे शहर दूर आणि खाली. संत बाव्हो चर्च क्षितिजावर एवढंसं दिसतं, तरी सगळं शहर त्याच्याभोवती गोळा झाल्यासारखं वाटतं, कारण क्षितिज ठळकपणे मोडणारी तीच एक गोष्ट आहे. उंचावरून पाहिलेला, दूरचा, लहान मनोरा धाक घालत नाही. तो गावाची खूण होतो.

चिनी परंपरेत ही उतरंड आणखी वेगळी आहे. ली चंगच्या नावावर असलेल्या दहाव्या शतकातल्या एका उभ्या रेशमी चित्रात (नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालय) मधोमध पॅगोडा आहे, पण मागचे सुळके त्याच्यावर कितीतरी उंच गेले आहेत. उंचीची स्पर्धा आधीच डोंगराने जिंकलेली, त्यामुळे मनोऱ्याकडे सत्ता येतच नाही. वाटसरूला तो मुक्काम दाखवतो. आणि मुघल लघुचित्रांत अकबर-जहांगीरच्या काळात युरोपीय छापील चित्रं पाहून मागे निळसर, टोकदार मनोऱ्यांची गावं आली, तिथे तर चर्चचा मूळ अर्थ गळून पडला आणि उरलं फक्त ‘लांब’. प्रतीक प्रवासात कसं रिकामं होतं याचं याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

चर्चच्या मनोऱ्याचा अर्थ सगळ्यात ठरीव असायला हवा, तरी तोही ठरीव राहत नाही. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशच्या 1811च्या हिवाळी दृश्यात (नॅशनल गॅलरी, लंडन) एक माणूस कुबड्या टाकून बर्फात खडकाला टेकून बसला आहे, समोर फरच्या झाडांत क्रूस, आणि मागे धुक्यातून वर येणारं गॉथिक चर्च. चर्चची टोकं आणि झाडांचे शेंडे एकाच घडणीचे आहेत. सगळा अर्थ त्या सारखेपणातून उभा राहतो: झाड आणि चर्च एकाच गोष्टीची दोन रूपं. मनोरा धारदार कडांनी काढला असता तर तो खराखुरा पत्ता झाला असता. धुक्याने तो आभास आणि आश्वासन यांच्या मधे राहतो. व्यवहारात एवढं लक्षात ठेवा की धुक्यातल्या मनोऱ्याचा पाया आधी विरतो आणि टोक जास्त स्पष्ट राहतं, कारण धुकं बहुधा जमिनीलगत दाट असतं. नवशिके उलटं करतात, टोक पुसतात आणि पाया ठसठशीत ठेवतात. मग ते धुकं न वाटता अर्धवट खोडलेलं चित्र वाटतं.

इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलने 1831मध्ये सॉल्सबरीचं कॅथीड्रल कुरणांच्या बाजूने रंगवलं (टेट संग्रहालय, लंडन). मनोऱ्याचं टोक काळ्या ढगात घुसलेलं, वर इंद्रधनुष्य. इंग्लंडमधल्या चर्चवर तेव्हा राजकीय सुधारणांचं सावट होतं, आणि हे वादळ बरेच अभ्यासक त्याच्याशी जोडतात. इंद्रधनुष्याचं टोक जिथे उतरतं तिथे त्याच्या मित्राचं, जॉन फिशरचं, घर होतं. म्हणजे एका मनोऱ्याभोवती सार्वजनिक चिंता आणि खाजगी कृतज्ञता दोन्ही. आणि व्हिन्सेंट व्हान गॉगने 1885मध्ये न्यूननचा जुना चर्चमनोरा पाडला जात असताना रंगवला, तेव्हा भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचा अर्थ जवळजवळ उलटा सांगितला: श्रद्धा आणि धर्म झिजून जातात, शेतकऱ्यांचं जगणं-मरणं तसंच चालू राहतं. बसका, शेंडा उतरवलेला मनोरा, भोवती कबरींचे लाकडी क्रूस आणि पाखरं. तिथे मनोऱ्यापेक्षा जमीन मोठी आहे, आणि रंगही जमिनीचेच आहेत.

भग्न बुरुजाला मात्र थोडं थांबून पाहायला हवं, कारण त्यात सर्वाधिक खोटेपणा चालतो. कॉन्स्टेबलचा हॅडली कॅसल (1829, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट) घ्या. जागा त्याने 1814मध्ये पाहून पेन्सिलीने टिपली होती. नोव्हेंबर 1828मध्ये त्याची पत्नी मराया गेली आणि मग त्या जुन्या टिपणावरून हे मोठं चित्र झालं. डावीकडे वरपासून खालपर्यंत भेगाळलेला बुरूज, उजवीकडे टेम्सच्या मुखाचा रिकामा प्रकाश, वेळ वादळी रात्रीनंतरची सकाळ. त्याने दुःख दाखवायला बुरूज निवडला एवढं म्हणणं पुरेसं नाही. भेग आणि मोकळं आकाश एकमेकांशेजारी ठेवले, हे त्याचं खरं काम. टेटमधलं याच आकाराचं तैलरंगातलं कच्चं चित्र अंतिम चित्राशेजारी ठेवून पाहा. कच्च्यातला रंग खरवडल्यासारखा आहे, आणि भग्नपणा विषयाइतकाच हाताळणीतही उतरला आहे. मला ते अंतिम चित्राहून सरस वाटतं.

भग्न बुरूज काढताना आधी तो अख्खा काढा. अक्ष, दोन्ही कडा, वरचं कडं, सगळं हलक्या रेषेत. मग तो कुठून मोडेल हे ठरवा. दगडी बांधकाम बहुधा दारं-खिडक्यांच्या वरून, कोपऱ्यांपाशी आणि माथ्याकडून ढासळतं. भेग खिडकीपासून खिडकीकडे जाते, कारण भिंत तिथे कमकुवत असते. पडलेला दगड पायथ्याशी ढिगाऱ्यात दिसला पाहिजे. बुरुजाचा तिसरा हिस्सा गायब आणि खाली स्वच्छ गवत असेल तर दगड कोणीतरी वाहून नेला असं तरी सुचवा, नाहीतर तो बुरूज नाटकाच्या पडद्यावरचा होतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बागांतून मुद्दाम भग्न मनोरे बांधले जात. चित्रातही तसा बांधीव भग्नपणा लगेच ओळखू येतो.

बाबेलच्या, म्हणजे बायबलच्या कथेत माणसांनी गर्वाने आभाळाला भिडवायला घेतलेल्या, मनोऱ्यावर खूप लिहिलं गेलं आहे, एकच गोष्ट सांगतो. ब्रॉयगेलच्या 1563च्या चित्रात (व्हिएन्ना, 114 बाय 155 सेंटिमीटर) वर चढत जाणारा उतार आणि त्याला काटकोनात बांधलेल्या कमानी आहेत. म्हणजे कमानी ओळंब्यात नाहीत, कललेल्या आहेत, आणि काही ठिकाणी ढासळायला लागल्याही आहेत. गर्वाचं पतन दाखवायला त्याला वीज किंवा देवाचा हात लागला नाही. बांधकामातली चूक पुरली. प्रतीक वस्तूच्या रचनेतूनच निघावं, याचा हा सगळ्यात मोठा पुरावा.

आता दीपगृह. मनोरा आणि दीपगृह एकाच जातीचे समजले जातात, पण त्यांचं काम उलट दिशेने चालतं. टेहळणीचा मनोरा बघण्यासाठी असतो, आत माणूस आहे आणि तो आपल्याला पाहतोय ही जाणीव त्याच्यातून येते. दीपगृह दिसण्यासाठी असतं. म्हणून टेहळणीच्या मनोऱ्यावर काळी खिडकी असली की दडपण येतं आणि दीपगृहाच्या माथ्यावर उजेड असला की दिलासा.

दिलाशाची ही गोष्टही अर्धीच आहे. बंदराच्या तोंडाशी असलेलं दीपगृह ‘इकडे या’ म्हणतं. समुद्रातल्या खडकावरचं ‘इकडे येऊ नका’ म्हणतं. अलेक्झांड्रियाचा फारोस, म्हणजे प्राचीन इजिप्तमधलं प्रसिद्ध दीपगृह, पहिल्या जातीचा. सुरुवातीच्या ख्रिस्ती कबरींवर जहाज आणि दीपगृह एकत्र कोरलेले सापडतात, त्यांत आयुष्याचा प्रवास बंदराला लागल्याचा अर्थ आहे. क्लोद लोरँच्या सूर्यास्ताच्या बंदरांतले मनोरे याच घराण्यातले: शांत पाणी, परतणारी गलबतं, मागे सोनेरी आकाश. क्लोद-जोसेफ व्हर्नेच्या वादळांत मात्र किनाऱ्यावर दीपगृह उभं असतं आणि त्याच्यासमोरच जहाज फुटतं. तिथे ते दिसतं पण वाचवत नाही, आणि ही विसंगतीच त्या चित्रांचा जीव आहे. आपल्या चित्रातलं दीपगृह कुठल्या जातीचं आहे हे रंग काढायच्या आधी ठरवलं नाही, तर शांत बंदरात खडकावरचं दीपगृह आणि खवळलेल्या समुद्रात बंदराचं दीपगृह असा घोळ होतो.

इंग्लिश चित्रकार टर्नरचं स्कॉटलंडजवळचं बेल रॉक (1819) खडकावरच्या दीपगृहाचं सर्वांत प्रसिद्ध चित्र. हे जलरंग दीपगृहाचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन याने आपल्या ग्रंथासाठी करवून घेतलं. टर्नर त्या खडकावर गेलाच नव्हता, इतरांच्या रेखाटनांवरून त्याने काम केलं. दीपगृह 1811मध्ये पहिल्यांदा पेटलं, उंची साधारण 35 मीटर, आणि भरतीला खडक पाण्याखाली जातो, त्यामुळे मनोरा थेट समुद्रातूनच उगवल्यासारखा दिसतो. टर्नरने नेमकं ते पकडलं: पायाखाली जमीन नाही, भोवती सगळं तिरकं, आणि मधे एकच ओळंबा. मनोरा मध्यभागी ठेवायला एरवी नको म्हणतात, कारण चित्र दोन अर्धांत तुटतं. इथे लाटांचे कर्ण ते दोन भाग पुन्हा शिवतात. तुम्हाला मनोरा मध्यावर हवाच असेल तर बाकी काहीही आडवं किंवा उभं ठेवू नका.

पण शिकण्यासारखं जास्त आहे ते टर्नरच्याच लाँगशिप्स दीपगृहाच्या चित्रात (साधारण 1834-35, गेटी संग्रहालय). इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा, लँड्स एंडचा समुद्र, कलासमीक्षक रस्किनने त्यातल्या पाण्याची तोंडभर स्तुती केली. दीपगृह दूर आणि लहान आहे. अग्रभूमी सगळी पाण्याची. धोका जवळ, खूण लांब. भीती दाखवायला दीपगृह मोठं करायची गरज नसते, बहुतेक वेळा ते लहान करावं लागतं.

किती लहान, याचाही हिशोब करता येतो. 35 मीटरचं दीपगृह 2 किलोमीटरवर असेल, तर हात लांब करून धरलेल्या ब्रशवर ते जेमतेम 1 सेंटिमीटर भरतं. 20 किलोमीटरवर 1 मिलिमीटर, आणि तेही पूर्ण नाही: पाण्याच्या कडेला उभं राहून, डोळे 2 मीटर उंचीवर धरले, तर क्षितिज सुमारे 5 किलोमीटरवर असतं आणि 20 किलोमीटरवरच्या दीपगृहाचा खालचा साधारण 15 मीटर भाग पृथ्वीच्या वक्रतेमागे जातो. चित्रकार याहून मोठं काढतात आणि काढावंही, पण आपण किती फुगवतोय ते ठाऊक असावं.

अमेरिकन चित्रकार हॉपरच्या 1929च्या टू लाइट्स या ठिकाणच्या दीपगृहाच्या चित्रात (मेट्रोपॉलिटन म्युझियम) वादळ नाही, रात्र नाही, आणि गंमत म्हणजे समुद्रच नाही. टेकडीच्या खालून वर पाहिलेला पांढरा मनोरा, शेजारी राखणदाराची घरं, निळं आकाश, कडक ऊन. दीपगृहाला अर्थ देणाऱ्या सगळ्या ठरलेल्या गोष्टी काढून टाकल्या, आणि एकटेपण उरलं. हे एकटेपण कोणाच्या चेहऱ्यावर नाही. ते आहे खालून बघण्याच्या कोनात, रिकाम्या उतारात आणि सावलीच्या धारदार कडेत. जॉर्ज सूराने 1886मध्ये ऑनफ्लरचं दीपगृह रुग्णालयाच्या इमारतीसह दिवसाढवळ्या रंगवलं तेव्हाही दिवा बंद आहे आणि नाट्य शून्य आहे. आशा-बिशा काही नाही, ठिपक्यांच्या शांत आडव्या पट्ट्यांत एक उभी पट्टी. दोन्ही चित्रं कॅलेंडरछाप सवयीवरचा चांगला उतारा आहेत.

त्या सवयीचं मुख्य लक्षण म्हणजे प्रकाशाचा झोत. पिवळा, स्वच्छ कडांचा, आकाशात तिरका वर गेलेला त्रिकोण. त्यात इतक्या चुका असतात की एकेक सांगतो. झोत बाजूने दिसण्यासाठी हवेत काहीतरी असावं लागतं: धुकं, पाऊस, तुषार. कोरड्या स्वच्छ रात्री बाजूने तो फारसा दिसतच नाही. झोत क्षितिजाला समांतर सोडलेला असतो, कारण तो जहाजांसाठी असतो, ढगांसाठी नाही. चित्रात तो कललेला दिसला तर तो फक्त पर्स्पेक्टिव्हमुळे. दिव्यापासून लांब जाताना तो फिका होत विरतो, कागदाच्या कडेपर्यंत एकसारखा जात नाही. आणि काळही पाहा. दिव्याचा उजेड एकवटून झोत करणारी फ्रेनेलची भिंगं पहिल्यांदा 1823मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहावर बसली. सतराव्या शतकातल्या गलबतांवर असा झोत टाकणं म्हणजे त्या काळच्या मनोऱ्यात नसलेलं यंत्र बसवणं. तेव्हा वर कोळशाची आग किंवा मेणबत्त्या असत, म्हणजे लालसर ठिपका आणि आगीवर धूर.

झोताऐवजी तीन गोष्टी नीट करा. दिव्याचा बिंदू: चित्रातली सर्वात उजळ जागा तीच, आणि आकाराने खूप लहान. त्याभोवतीचं वलय: आतून उबदार, बाहेर जाताना आकाशाच्या रंगात मिसळणारं, रंग ओला असतानाच केलेलं. आणि पाण्यावरचं प्रतिबिंब: ते थेट दिव्याच्या खाली उभ्या ओळीत पाहणाऱ्याकडे येतं, बाजूला कधीच जात नाही. पाणी जितकं हललेलं तितका हा पट्टा लांब आणि तुटक. बाकी चित्र इतकं गडद ठेवा की तो बिंदू पुरेसा होईल. झोत काढावासा वाटतो तेव्हा बहुधा आसपासचा टोन पुरेसा उतरलेला नसतो.

रेखाटनातली सगळ्यात मोठी अडचण वर्तुळांची. डोळ्याच्या पातळीवर नळकांड्याचं कडं सरळ रेषा दिसतं. त्याच्या वरची कडी कमानीसारखी वर फुगतात, खालची खाली. जितकं वर तितकं लंबवर्तुळ उघडतं. किती उघडतं ते अंतरावर अवलंबून असतं: डोळ्यांपासून 30 मीटर वरचं कडं 100 मीटरवरून पाहिलं तर त्याची जाडी रुंदीच्या साधारण तीन दशांश, 500 मीटरवरून पाहिलं तर फक्त सहा शतांश, म्हणजे जवळपास सरळ. म्हणून दूरच्या दीपगृहाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांना ठळक बाक दिला की ते जवळ येतं आणि लहान होतं. हे पट्टे सजावट नसतात. दिवसा खलाशांना दीपगृह ओळखू यावं म्हणून ते असतात. प्रत्येक दीपगृहावर ते चढवणं म्हणजे सगळ्यांना एकच नाव देणं.

आधी मधला अक्ष पट्टीने ओढा, मग दोन्ही कडा त्याच्यापासून समान अंतरावर मोजा. अभियंता स्मीटनने 1759मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लंडमधल्या एडिस्टोन दीपगृहापासून पुढे अनेक खडकावरच्या दीपगृहांची कड सरळ निमुळती नसते, बुंध्याशी ओकच्या खोडासारखी पसरते आणि वर जाताना सरळ होते. कोनासारखी सरळ कड काढली की वजन हरवतं. खिडक्या मोजक्या आणि लहान ठेवा. आतला जिना वळत जातो, त्यामुळे त्या बहुधा एका उभ्या ओळीत येत नाहीत. मोबाइल वर उचलून काढलेल्या फोटोवरून काम करत असाल तर त्यातल्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकलेल्या असतात. त्या तशाच उतरवल्या तर मनोरा मागे पडतोय असं वाटतं. जाणूनबुजून दडपण हवं असेल तरच ठेवा, एरवी सरळ करा. शेवटी चित्र उलटं धरून किंवा आरशात पाहा, कललेला मनोरा लपत नाही.

पांढरा रंग हा दुसरा सापळा. पांढरा मनोरा म्हणजे ट्यूबमधला पांढरा नाही. छटांची पट्टी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 1 ते 10 धरली, तर उन्हातली बाजू 9, क्षितिजाजवळचं आकाश 8 आणि सावलीची बाजू 6 ही सुरुवातीला चालणारी मांडणी. मागून उजेड असेल, संध्याकाळ असेल, तर तोच पांढरा मनोरा 4पर्यंत उतरतो आणि आकाशापुढे काळसर दिसतो. तिथेही पांढरा ठेवणाऱ्यांचं दीपगृह कापून चिकटवल्यासारखं होतं. सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि थोडं बर्न्ट सिएना पांढऱ्यात, आणि पायथ्याकडे किंचित यलो ऑकर, कारण जमिनीवरचा उजेड परावर्तित होऊन तिथे चढतो. सगळ्यात गडद पट्टी कडेला नसते, कडेच्या थोडी आत असते. कड परावर्तित उजेडाने थोडी उजळते. ही एक गोष्ट पाळली तरी नळकांडं गोल दिसू लागतं. उन्हाच्या बाजूच्या कडेचा काही भाग आकाशात हरवू द्या. जलरंगात मनोरा कागदाचा पांढरा म्हणून राखायचा असेल तर मास्किंग फ्लुइडची (रंग लागू नये म्हणून कागदावर लावून नंतर काढायच्या द्रवाची) कड फार कडक येते. काढल्यावर ओल्या ब्रशने ती एका बाजूने मऊ करा, किंवा आकाशाचा वॉश मनोऱ्याच्या कडेपर्यंत आणून एका बाजूला कोरडा तोडा आणि दुसऱ्या बाजूला ओला सोडा.

हे सगळं जमलं की पुन्हा प्रतीकाकडे या. 5 बाय 7 सेंटिमीटरच्या चौकटी आखा, तीनच छटा वापरा, मनोरा तोच ठेवा. एका चौकटीत क्षितिज खाली आणा, दुसरीत वर न्या. मग वाट काढा: दारापर्यंत पोचणारी, आणि मधेच तुटणारी. पोचणारी वाट मनोऱ्याला घर करते, तुटलेली त्याला दुर्गम करते. दार पाहणाऱ्याच्या बाजूला काढा, मग पलीकडे लपवा. दार नसलेला मनोरा तुरुंगाकडे झुकतो. द किरिकोच्या 1913च्या ‘लाल मनोरा’ या चित्रात पुढे रिकामा चौक आणि दोन्ही बाजूंना अंधाऱ्या कमानी आहेत, पोचायला जागा आहे पण जावंसं वाटत नाही. आता माणूस घाला. मनोरा 30 मीटरचा असेल तर माणूस त्याच्या साधारण एकोणिसावा हिस्सा. मनोरा कागदावर 19 सेंटिमीटर तर माणूस 1. तो मनोऱ्याकडे तोंड करून असेल तर मनोऱ्यात काहीतरी आहे. पाठ करून असेल तर ते समुद्रात आहे. पायथ्याशी वाळत घातलेले कपडे असले तर मनोऱ्याचं सगळं गांभीर्य उतरतं, आणि पुष्कळदा चित्र त्यानेच वाचतं.

मनोऱ्याचं टोक ढगाच्या कडेला किंवा डोंगराच्या रेषेला नुसतं टेकवू नका. एकतर आरपार जाऊ द्या नाहीतर स्पष्ट खाली ठेवा. चौकटीच्या वरच्या कडेलाही हाच नियम: मोकळी जागा सोडा किंवा निर्धाराने कापा. अगदी जवळ येऊन थांबलेलं टोक अडकल्यासारखं वाटतं, आणि तुम्हाला मुक्ती दाखवायची असेल तर कोंडी दिसते.

मनोरा म्हणजे दगडीच असला पाहिजे असंही नाही. पिसारोने 1873मध्ये पाँत्वाझजवळचा कारखाना रंगवला तेव्हा चर्चच्या मनोऱ्याची जागा धुराड्याने घेतली होती. पाण्याची टाकी, विजेचा खांब, मोबाइल टॉवर यांना तेच नियम लागू होतात. कोशात त्यांचे अर्थ अजून लिहिलेले नाहीत, ही तर सोयच.

राहिलं चित्राचं नाव. ‘आशेचा किरण’ किंवा ‘एकाकी’ असं नाव दिलं की पाहणारा चित्र बघायचं थांबवतो आणि नाव तपासून पाहतो. कॉन्स्टेबलच्या हॅडलीच्या नावात जागा, नदीचं मुख आणि वादळी रात्रीनंतरची सकाळ एवढंच आहे. हॉपरच्या नावात फक्त ठिकाण. ठिकाण, वेळ, हवामान यांपैकी दोन गोष्टी नावात पुरतात.